पांढरी तेवढीच, माणसे दुप्पट

प्रति,
मा. श्री. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



घरकुलाविषयी काही म्हणायचे असले की पत्र ग्रामविकास मंत्र्यांना लिहायचे, असा रिवाज आहे. तो मोडून तुम्हाला लिहितो आहे. योजना ग्रामविकास खात्याची, हप्ते त्यांचे, फलकावरचे आकडेही त्यांचेच. पण घर उभे राहते ते जमिनीवर, आणि ती जमीन तुमच्या दप्तरात आहे. परंडा तालुक्यातून बघताना मला वाटते, की खेड्यातल्या बेघरपणाचा प्रश्न आता पैशाचा कमी आणि जागेचा जास्त उरला आहे. जागा ज्या खात्याच्या हातात आहे, ते खाते या चर्चेत कुठे दिसतच नाही. सगळे मोजमाप रुपयांत आणि घरांच्या संख्येत चालते, गुंठ्यांत कोणी बोलत नाही.

चर्चा काय चालली आहे, तेही बघू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. २०२५ च्या २२ फेब्रुवारीला पुण्यात २० लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीपत्रांचा मोठा समारंभ झाला. योजनेचे मूळ १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, मनरेगाच्या ९० दिवसांची मजुरी आणि राज्याने वाढवलेले ५० हजार धरून रक्कम २ लाखांच्या पुढे गेली. वर ५ ब्रास वाळू मोफत. सत्ताधारी हा आकडा सांगतात. सिमेंट, सळई आणि मिस्त्रीची मजुरी बघता तो अपुरा आहे असे विरोधक म्हणतात, आणि ते खोटे नाही. सत्ताधारी मग म्हणतात, आम्ही वाढवलेच की. पुढच्या निवडणुकीत रक्कम आणखी वाढेल. पण ही सगळी भांडणे ज्याच्याजवळ जागा आहे, त्याच्या घराविषयीची आहेत. ज्याच्याजवळ जागाच नाही, त्याला १ लाख २० हजार काय आणि ५ लाख काय, दोन्ही सारखेच.

घरकुलाची एक फाइल जवळून बघा. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मनरेगाचे जॉबकार्ड, हे सगळे भूमिहीन मजुराजवळही असते. त्यानंतर येतो जागेचा पुरावा. म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा, नाहीतर सातबारा, नाहीतर बक्षीसपत्र. इथे फाइल थांबते. घरकुलाच्या प्रतीक्षायादीत, म्हणजे ‘ड’ यादीत नाव आहे, मंजुरी आहे, पण ज्या चार पत्र्यांखाली कुटुंब राहते तो गट दप्तरी गायरान म्हणून लागलेला. ग्रामपंचायत त्या घराची घरपट्टी घेते, विजेचे मीटर मिळते, निवडणुकीत तिथल्या मतदारांची नावे यादीत असतात. घर बांधायचे म्हटले की मात्र ते घर नसतेच. जागा दाखवता आली, तर १५ हजारांचा पहिला हप्ता पडतो, जोत्यापर्यंत बांधकाम आणून फोटो काढला की ७० हजारांचा दुसरा. जागा दाखवता आली नाही, तर काही काळाने नाव ‘अपात्र’ किंवा ‘स्थलांतरित’ या रकान्यात जाते आणि तालुक्याचे उद्दिष्ट पूर्ण होते. आकड्यातून माणूस असा गळतो. ज्याच्यासाठी योजना काढली, तोच तिच्या बाहेर राहतो आणि तरीही प्रगती अहवाल शंभर टक्के भरतो. यात कोणा ग्रामसेवकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. कागदच तसा आहे.

आपल्या भाषेत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची हद्द म्हणजे गावठाण. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांचे मूळ गावठाण निजामी अमलातल्या मोजणीइतके जुने. मधे वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घराची जागा देण्याचे कलम आले, पुढे इंदिरा आवासच्या वसाहती झाल्या, काही ठिकाणी वाढीव गावठाण मिळाले. त्यानंतर पांढरी जवळपास गोठली. १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या खेड्यांत सुमारे २ कोटी ८४ लाख माणसे होती, २०११ च्या जनगणनेत ती ६ कोटी १५ लाखांवर गेली. शहरांकडे इतके लोंढे जाऊनही खेडी दुपटीने भरली. ज्यांची काळी होती, त्यांनी वस्तीवर, शेतात घरे बांधली आणि प्रश्न आपापला सोडवला. ज्यांची नव्हती, त्यांच्या एका खोलीत तीन भावांचे संसार झाले, आणि चौथा भाऊ गायरानात गेला. अतिक्रमण म्हणून ज्याची नोंद होते, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९६६ पासून हा अधिकार तिथेच आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते, की जागा घ्यायलाही सरकार पैसे देते. खरे आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत आधी ५० हजार मिळत, आता १ लाख मिळतात, ५०० चौरस फुटांपर्यंत. म्हणजे चौरस फुटाला २०० रुपये, गुंठ्याला २ लाखांच्या वर. कोरडवाहू गावात या भावाने गुंठा मिळायला खरे तर काहीच हरकत नसावी. तरी मिळत नाही, आणि त्याचे कारण रक्कम हे नाही. एक तर शेतातला एक गुंठा विकणे तुकडेबंदी कायद्यात अडकते. प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. २०२४ मध्ये घरकुल लाभार्थ्यासाठी १००० चौरस फुटांची सवलत आली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने मिळते, एकेका माणसाला, एकेका अर्जावर. परंड्याहून धाराशिवला जाणारी एसटी बार्शीवरून जाते, म्हणजे स्वतःच्या जिल्हा कचेरीत पोचायला सोलापूर जिल्हा ओलांडावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला अशा तीन खेपा म्हणजे आठवड्याची मजुरी. दुसरे असे की विकणाऱ्यालाही मन असते. बांधावर कोणाचे घर यावे आणि कोणाचे येऊ नये, हे गावात पैशाच्या आधी जातीने ठरते. पारध्याला गुंठा विकणारा शेतकरी शोधून दाखवा. बाजारावर सोडलेला प्रश्न इथे बाजारही सोडवू शकत नाही, कारण या वस्तूचा बाजारच भरत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे, की भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळेल हे राज्याने बघायचे. आपण ती जबाबदारी १ लाखाच्या धनादेशात गुंडाळून लाभार्थ्याच्याच हातात ठेवली.

म्हणून उरते ते सरकारी गायरान. हा शब्द निघाला की कोर्टाचे नाव निघते, आणि ते बरोबरच आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली. त्यावरून आपल्या राज्यानेही त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हा राज्यात ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान असून त्यातल्या १० हजार ८९ हेक्टरांवर अतिक्रमण आणि २ लाख २२ हजार १५३ बांधकामे आहेत, अशी माहिती समोर आली. वर्षअखेरपर्यंत ती काढण्याचा आदेश झाला, नोटिसा निघाल्या, गावोगाव धास्ती पसरली. पण जगपाल सिंग निकाल उद्धृत करणारे त्यातला एक परिच्छेद सहसा वाचत नाहीत. न्यायालयाने अपवादही सांगितला आहे. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना असे काही असेल, तर नियमित करता येते. धनदांडग्यांनी बळकावलेली जमीन आणि भूमिहीनाला शासनाने रीतसर दिलेली जागा यांत न्यायालयाने फरक केला. तो फरक करायचे काम पुढे आपल्या महसूल खात्याचे होते. खात्याने दोघांना एकाच नमुन्यातली नोटीस दिली.

दुसरा आक्षेप असा, की आज हे नियमित केले तर उद्या प्रत्येक जण गायरानात पत्रे ठोकेल, कायदा पाळणाऱ्याने मग मूर्ख ठरायचे का. आक्षेप वजनदार आहे, मी तो उडवून लावणार नाही. मात्र हाच आक्षेप मुंबईत कोणी घेत नाही. तिथे १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला ३०० चौरस फुटांची सदनिका मोफत मिळते, आणि त्याला पुनर्वसन म्हणतात. परंड्याच्या माळावरचा तसाच माणूस अतिक्रमणदार ठरतो, आणि त्याची जमीन मुंबईच्या जमिनीच्या शतांश किमतीचीही नसते. शिवाय आपल्या राज्याने हे खेड्यातही केलेले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून मराठवाड्यात गायरानाचा लढा चालत आला, आणि १९७८ ते १९९० दरम्यानची भूमिहीनांची गायरानावरची शेती नियमानुकूल करायचा निर्णय १९९१ मध्ये झाला. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरे नियमानुकूल करायची ठरली. तारखा पुढे सरकवत राहण्याचा हा मार्ग मला स्वतःला आवडत नाही. त्यात आधी घुसणाऱ्याला फायदा मिळतो आणि नोटीस येईपर्यंत सगळे अधांतरी राहतात. पण त्याचे औषध अतिक्रमण काढणे हे नाही. माणसाला अतिक्रमण करावेच लागणार नाही इतकी पांढरी आधीच मोजून ठेवणे हे आहे. मोजलेले भूखंड उपलब्ध असतील, तर उद्या पत्रे ठोकणाऱ्याला हटवण्याचा नैतिक अधिकार तहसीलदाराला मिळेल. आज तो नाही.

तिसरा आक्षेप जनावरांचा, आणि आमच्या जिल्ह्यात तो सगळ्यांत खरा आहे. ज्या शेळीला देश उस्मानाबादी म्हणून ओळखतो, ती याच माळांवर चरून मोठी होते आणि तिचा मालक बहुधा भूमिहीनच असतो. गायरान संपले तर आधी त्याचेच दोन शेळ्यांचे भांडवल संपेल. पण हिशेब करून बघू. एका हेक्टरचे जवळपास शंभर गुंठे. त्यातला तिसरा हिस्सा रस्ते, नाल्या, अंगणवाडी, समाजमंदिर यांना सोडला, तरी सहासष्ट घरांना प्रत्येकी एक गुंठा येतो. घराला योजनेप्रमाणे २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. उरलेल्या जागेत शेळ्यांचा गोठा, मोरी, चूल आणि एखादे शेवग्याचे झाड. बहुतेक गावांची गरज एक-दोन हेक्टरांत भागेल. याच गायरानावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चे प्रकल्प येत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते, ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाखांचे प्रोत्साहन मिळते. दिवसा वीज मला हवीच आहे. पण एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते, म्हणजे साधारण दोन हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने १३० घरे. सौरपट्ट्यांसाठी गट शोधताना, मोजताना आणि मोकळा करताना ज्या खात्याला गुरे आडवी आली नाहीत, त्याला ती घरांच्या वेळीच का येतात, हे समजून घ्यायला आवडेल. माझे म्हणणे दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. गरजेपुरती पांढरी काढा आणि उरलेल्या गायरानाला कोणालाही हात लावू देऊ नका, सौर कंपनीलाही गावाला विचारून-सवरूनच.

२०२५ च्या सप्टेंबरने या वादात एक बाजू अशी आणली, की जी आधी कोणाच्या हिशेबात नव्हती. अवर्षणाचा म्हणून ओळखला जाणारा हा तालुका पाण्याखाली गेला. सीनेने काठ सोडला, वडनेरसारख्या गावात माणसे छतावर अडकली, एनडीआरएफच्या बोटी आणि हेलिकॉप्टर आले. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार, झोपडीला ८ हजार. आपत्तीच्या निकषांत एक ओळ मात्र असते: पडलेले घर सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम हवे. म्हणजे जागेच्या पुराव्याचा तोच रकाना इथेही आडवा येतो. ज्याला कधी अधिकृत होऊच दिले नाही, त्याचे घर वाहून गेले तरी ते कागदावर पडत नाही. आणि घर बांधायचे कुठे, तर पैसे त्याच जागेवर बांधायला मिळतात, जिथे पाणी आले होते. ओढ्याकाठच्या सखल वस्त्या कोणाच्या, हे सांगायला नको. गावाने ज्यांना शिवेवर, उतारावर, पाणी येईल तिकडे ठेवले, त्यांच्याच. गायरान बहुतेक गावांत माळावर, उंचावर असते. पूररेषेतली घरे वर न्यायची, तर पांढरी वर न्यावी लागेल.

हे जमते का, असे विचाराल तर याच जिल्ह्याकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, या जिल्ह्यांत ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. उमरगा-लोहाऱ्यातली नवी गावे आजही उभी आहेत. त्या पुनर्वसनावर पुष्कळ टीका करता येते. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले, भूमिहीनाला २५० चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०, म्हणजे भूकंपाने पाडलेली उतरंड सरकारने मोजून पुन्हा रचली. तरी जमीन मिळाली, मोजली गेली, आणि भूमिहीनालाही मिळाली. सीना-कोळेगावसारख्या धरणाच्या वेळी पुनर्वसन कायद्याने नवे गावठाण द्यावे लागते, त्यात १८ नागरी सुविधा द्याव्या लागतात आणि भूमिहीनालाही भूखंड मिळतो. थोडक्यात, जमीन हादरली किंवा पाणी अडवले, की महाराष्ट्राला गावठाण काढता येते. लोकसंख्या दुप्पट होण्याला मात्र आपण आपत्ती मानत नाही.

आणखी एक आक्षेप खासगीत ऐकू येतो. भूखंड दिले तर विकून टाकतील, नाहीतर ऊसतोडीला जातील आणि घरे ओस पडतील. विकण्याचे उत्तर सोपे आहे. भोगवटादार वर्ग-२ ची धारणा आहेच, परवानगीशिवाय हस्तांतर नाही, आणि योजनेच्या नियमाप्रमाणे घरावर बाईचे नाव असते. (सातबाऱ्यावर वर्ग-२ चा शिक्का असूनही विकलेल्या जमिनी कोणाच्या, हा शोध घेतला तर यादीत भूमिहीन मजूर फारसे सापडणार नाहीत.) ओस पडण्याचे म्हणणे उलटे आहे. परंडा, भूम, वाशीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला फडावर निघतात. तिथे सहा महिने कोपीत राहतात, म्हणजे बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद. मुले बरोबर नेली जातात, कारण मागे त्यांना ठेवायला घर नसते. घर असले तर म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे गावात राहतात. त्यातही गंमत अशी, की २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर लोक बेघर नोंदले गेले. बेघर म्हणजे कसलेच छप्पर नसलेला. गायरानातले चार पत्रे जनगणनेत घर ठरतात आणि घरकुलाच्या फाइलीत ठरत नाहीत. त्यामुळे आमच्याकडचा माणूस धड बेघरही नाही आणि घरवालाही नाही.

म्हणून मागणी सरळ आहे आणि ती रुपयांची नाही. परंडा तालुक्यापासून सुरुवात करा. प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘ड’ यादीतली आणि नव्या आवास प्लस सर्वेक्षणातली जागा नसलेली कुटुंबे वेगळी काढून ती यादी चावडीवर लावा. अपात्र आणि स्थलांतरित म्हणून गळालेली नावेही त्यात परत घ्या. ग्रामसभेने गट सुचवावा, तो पुरापासून वर आणि गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. तीन मैलांवरच्या खडकात पांढरी काढून दिली, तर तिथे कोणी जाणार नाही, आणि मग ‘यांना घरेच नकोत’ असा शेरा मारायला मोकळे. गायरान नसेल किंवा दूर असेल, तिथे जागा खरेदीचे ते १ लाख रुपये एकेकट्या मजुराच्या हाती न देता एकत्र करून शासनानेच शेताचा सलग तुकडा घ्यावा. विकणाऱ्याला मग पारधी दिसणार नाही, जिल्हाधिकारी दिसतील. मोजणीची फी शासनाने भरावी आणि कलम १२२ खालचा आदेश एका गावाला एक असा निघावा, एका माणसाला एक असा नको. ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्तापत्रके वाटायचे काम तुमच्याच खात्यात चालू आहे. त्याच माणसांना आणि यंत्रांना हद्दीपलीकडे दोनशे मीटर जायला सांगायचे आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात, आणि बांधकामाला पावसाआधीचे दोनच महिने हाती असतात. त्या वेळी भूखंडांच्या खुणा रोवलेल्या असल्या, तर पहिला हप्ता पायात जाईल. नसल्या, तर हप्ता पडणारच नाही, आणि ते दोन महिने पत्र्यावर नवा कागद टाकण्यात जातील.

कळावे,

आपला,
परंडा तालुक्यातील एक मतदार

प्रत माहितीसाठी : मा. ग्रामविकास मंत्री, मा. जिल्हाधिकारी, धाराशिव